चौदा तारखेचा शिक्का

मित्रांनो, एक गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर मला धीर धरवणार नाही. मी कोर्टात जाऊन आलो! प्रेक्षक म्हणून नव्हे हं. उंच खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशबाईंनी मला स्वतःच्या हातात घेतलं, उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून माझं तोंड निरखलं आणि म्हणाल्या, "हाच का तो?" हाच तो! हाच मी! अजून आठवलं की माझी चारही चाकं आपोआप फिरतील असं वाटतं.

पण तुम्ही म्हणाल, हा कोण एवढा उड्या मारणारा? तर मी आहे तारखेचा शिक्का, आता बराच जुना झालेला. मूठ लाकडाची, अंग लोखंडाचं आणि आत रबराचे चार पट्टे. दोन पट्टे दिवसाचे, एक महिन्याचा, एक वर्षाचा. बाजूला चार दातेरी चाकं. अंगठ्याने चाक एक घर पुढे ढकललं की माझ्या तोंडावरची तारीख बदलते. तारखेच्या वर 'आवक' ही अक्षरं, आणि सगळ्याला घेरणारी एक रबरी चौकट.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. शिक्केवाल्याने माझं रबर गरम साच्यात दाबलं, ब्लेडने कडा तासल्या, पट्टे ओवले आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर मला पहिल्यांदा दाबून पाहिलं. ठसा स्वच्छ उमटला. मला घ्यायला आलेल्या शिपायाला तो म्हणाला, "वर्षाच्या पट्ट्यावर बारा वर्षं घातलीत. बारा वर्षं माझ्याकडे फिरकायचं काम नाही."

म्हणजे माझं आयुष्य किती हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पण तेव्हा मला त्याचं काय! नवा कोरा होतो, शाईला आसुसलेला होतो.

मला नेलं पाणी खात्याच्या ऑफिसात. तळमजल्यावर एक जाळीची खिडकी, तिला अर्धचंद्रासारखं भोक, भोकाच्या आत टेबल आणि टेबलामागे मावशी. मावशीला साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मावशीच म्हणायचे. ऑफिसला येणारा प्रत्येक कागद तिच्या खिडकीतून आत यायचा. ती तो घ्यायची, मला शाईच्या पॅडवर टेकवायची आणि ठप्प! मग माझ्या ठशाखाली ती आपल्या हाताने आवक क्रमांक लिहायची आणि तोच क्रमांक जाड नोंदवहीत चढवायची. कागद आणणाऱ्याकडे दुसरी प्रत असेल तर तिच्यावरही ठप्प. त्याला म्हणायचं पोच.

हा ठप्प म्हणजे काय चीज आहे, सांगू? तो उमटला की त्या क्षणापासून ऑफिसला 'तुमचा कागद आलाच नाही' असं म्हणता येत नाही. साहेब नवीन माणसाला सांगायचे, "मावशींचा शिक्का म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." हे ऐकलं की मावशी मान खाली घालून उगाच पॅडचं झाकण पुसायची. आणि मी? मी फुगून दुप्पट व्हायचो.

एकदा तिच्या कोपराचा धक्का लागून मी फरशीवर आपटलो. चौकटीचा उजवीकडचा खालचा कोपरा तुटला, तांदळाच्या दाण्याएवढा. मावशीने मला उचलून फुंकर घातली. "लागलं का रे?" तिने विचारलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक ठशात त्या कोपऱ्यात एक फट दिसते. ही फट लक्षात ठेवा बरं का, पुढे तिला फार मान मिळणार आहे.

आता मावशीची एक सवय सांगतो. सगळी गोष्ट त्या सवयीवरच उभी आहे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, माझ्याआधीच्या शिक्क्याच्या काळात, ती सकाळी तारीख बदलायला विसरली होती. वीसेक पत्रांवर आदल्या दिवसाची तारीख पडली. हेडक्लार्कने सगळ्या ऑफिसादेखत तिला उभं करून झापलं आणि एकेक पत्र परत मागवून दुरुस्त करायला लावलं. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. तेव्हापासून रोज संध्याकाळी, खिडकी बंद करण्याच्या आधी, ती उद्याची तारीख लावूनच उठायची. पॅड बंद, वही बंद, चाक एक घर पुढे, पर्स खांद्यावर. क्वचित कुणी चाक फिरवल्यानंतर उगवलंच, तर ती चाक एक घर मागे घ्यायची, शिक्का मारायची, पुन्हा पुढे करायची. इतकी ती काटेकोर.

पण त्या तेरा ऑगस्टला घोटाळा झाला.

खिडकी बंद व्हायला दोन मिनिटं होती. माझं चाक फिरून झालं होतं, तोंडावर चौदा तारीख आली होती. तेवढ्यात धापा टाकत टाकीवाले आले. टाकीवाले म्हणजे पाण्याच्या उंच टाक्या बांधणारे कंत्राटदार. त्यांनी खात्यासाठी एक मोठी टाकी बांधून पूर्ण केली होती आणि तिचं शेवटचं बिल ते घेऊन आले होते. एका पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून ती चप्पल हातात आणि बिल काखेत!

"मावशी, थांबा, थांबा! लावू नका खिडकी!"

"अहो, पण आधी श्वास तरी घ्या!"

त्यांच्या मागोमाग खात्याचा इंजिनीअर आला. त्याच टाकीत पाणी भरून ती गळते का पाहिल्याचा अहवाल त्याच्या हातात होता. "मावशी, माझा आधी. मला घ्यायला गाडी उभी आहे बाहेर."

"मी आधी आलोय," टाकीवाले म्हणाले. "हवं तर चपलेला विचारा."

मावशीला हसू फुटलं. हसता हसता तिने बिल घेतलं, ठप्प, क्रमांक ४१२. टाकीवाल्यांच्या प्रतीवर ठप्प, ४१२. इंजिनीअरचा अहवाल घेतला, शेवटचं पान उलटलं, कारण अहवालावर समोर मारलं तर अक्षरं झाकतात, म्हणून ती नेहमी मागे मारायची. ठप्प, ४१३. गाडीत बसण्याआधी अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवायला इंजिनीअर वरच्या मजल्यावर पळाला. बिल मावशीने टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवलं.

चाक मागे घ्यायचं राहून गेलं. तिन्ही कागदांवर चौदा तारीख. मी ओरडलो असतो, पण मला बोलायला शाई लागते आणि माणसाचा हात लागतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे काय झालं असेल? पाणी खात्याच्याच ऑफिसात पाण्याची मुख्य नळी फुटली! गावभर पाणी पुरवणारं खातं स्वतःच्या तळमजल्यावरचं पाणी अडवू शकलं नाही. मी टेबलाच्या वरच्या खणात होतो म्हणून वाचलो. ट्रे, वही, ट्रेमधलं बिल, सगळ्याचा लगदा झाला. चौदा तारखेला दारावर कागद लागला, 'आज कार्यालय बंद'. पंधराला मावशीने नवी वही घातली, मला कोरडं पुसलं आणि काम सुरू झालं. चौदा तारखेच्या त्या ठशांकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. किती तरी वर्षं गेलं नाही.

पुढे चार वर्षांनी डिसेंबर आला आणि माझ्या वर्षाच्या पट्ट्यावरचं शेवटचं वर्ष संपलं. गंमत अशी, की त्याच महिन्यात मावशीही निवृत्त झाली. साहेबांनी तिला फुलं दिली, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि विचारलं, "अजून काही हवंय का मावशी?" तिने माझ्याकडे बोट केलं. "तो कचऱ्यातच जाणार आहे. मी नेऊ का?"

मी तिच्या पर्समधून तिच्या घरी आलो. घरी मावशी आणि तिची नणंद अशा दोघीच. नणंदेची जीभ म्हणजे नुसतं ब्लेड. मला पाहताच ती म्हणाली, "वहिनी, लोक ऑफिसातून पंखा आणतात, खुर्ची आणतात. तू आणलीस काय, तर संपलेली तारीख!"

घरात मला शाई नव्हती. खरं सांगतो, ते दिवस फार जड गेले. माझ्या अक्षरांत धूळ बसली. नणंदेने मला विणकामाच्या नमुन्यांवर वजन म्हणून ठेवलं. एकदा तर माझ्या मुठीने भिंतीत खिळा ठोकला आणि त्या खिळ्याला टांगलं काय? कॅलेंडर! तारखेच्या शिक्क्याने तारखेच्या कागदासाठी मार खाल्ला. पण एक गोष्ट मावशीने सोडली नाही. रोज संध्याकाळी सहाला, कणिक भिजवण्याआधी, ती माझ्यापाशी यायची आणि चाक एक घर पुढे करायची. वर्षाचा पट्टा शेवटच्या वर्षावर अडकलेला, पण दिवस आणि महिना ती उद्याचा लावायची. उद्या काहीच येणार नसायचं. तरी लावायची.

आणि मग एका संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. मित्रांनो, इथून माझं रबर धडधडायला लागतं!

दारात एक बाई उभी होती, तिशीतली, हाताला सिमेंटचे चट्टे, खांद्याला कागदांनी फुगलेली पिशवी. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही मला ओळखणार नाही. मी टाकीवाल्यांची मुलगी. आता टाक्या मीच बांधते. बाबांचे गुडघे गेले."

मावशीने तिला आत घेतलं, बसवलं. मुलीने सांगितलं ते मी कान टवकारून ऐकलं. ते तुम्हालाही समजेल असं सांगतो.

कंत्राटात लिहिलं होतं, की बिल हातात पडल्यापासून दोन महिन्यांत खात्याने पैसे द्यायचे, नाहीतर त्यावर व्याज सुरू. खात्याने पैसे दिलेच नाहीत. म्हणाले, बिल आलंच नाही. भांडण झालं, तेव्हा दोघांनी मिळून एक लवाद नेमला. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंना मान्य असलेला तिसरा माणूस, जो कोर्टाबाहेर बसून दोघांचं ऐकतो आणि निवाडा देतो. लवादाने पोच पाहिली, माझा ठसा पाहिला आणि निवाडा दिला. टाकी थोडी पाझरते असं इंजिनीअरच्या अहवालात होतं, तेवढी रक्कम कापली. बाकीचं मुद्दल द्या, आणि चौदा ऑगस्टनंतर दोन महिने सोडून पुढचं सगळं व्याज द्या. नऊ वर्षांचं!

"मग मिटलंच की," मावशी म्हणाली.

"कुठलं मिटतंय! खातं कोर्टात गेलंय. मुद्दल देतो म्हणतात, व्याज देणार नाही."

आतून नणंदेचा आवाज आला, "मग घ्या की मुद्दल आणि व्हा मोकळे. व्याजाचा एवढा सोस कशाला?"

मुलगी तिच्याकडे वळली. "आत्या, समजा तुम्ही माझी छत्री नेलीत आणि नऊ वर्षांनी परत केलीत. छत्री मिळाली मला. पण नऊ वर्षं मी भिजले, त्याचं काय?"

नणंदेने बाहेर येऊन तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. हे मी फार क्वचित पाहिलं आहे.

मुलगी सांगत राहिली. बिल अडकलं तेव्हा बाबांनी गवंड्यांची आणि मजुरांची मजुरी थकू दिली नाही, बँकेतून कर्ज काढलं. तारण ठेवलं ते त्यांचं आवार, जिथे टाकी ओतायचे लोखंडी साचे, मिक्सर, सगळं असतं. "मुद्दल आलं तर ते अख्खं बँकेत जाईल. तरी बँकेचं व्याज उरतंच. आमचं व्याज आलं तर ते फिटेल. नाही आलं तर आवार लिलावात. मग मी टाक्या कशात ओतू, पातेल्यात?"

"पण व्याज का नाही देत? कारण काय सांगतात?"

मुलीने मावशीकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. "मावशी, राग मानू नका. त्यांच्या नव्या वकिलाने शोधून काढलंय, की चौदा ऑगस्टला तुमचं ऑफिस बंद होतं. पाणी भरलं होतं. ते म्हणतात, बंद ऑफिसात शिक्का कसा पडेल? पोच खोटी आहे. बाबांनी कुणाला तरी हाताशी धरून मारून घेतली."

"कुणाला तरी म्हणजे मला," मावशी म्हणाली.

"वर बाबा म्हणतात, मी तेरालाच दिलं होतं. शिक्का चौदाचा. आमचे वकीलच म्हणायला लागलेत, की त्यांची आठवण गेली."

"हे बघ बाळ," मावशी ताठ होऊन म्हणाली. "तीस वर्षं मी त्या खिडकीत बसले. पहिला आठवडा सोडला तर माझ्या हातून एकही तारीख चुकली नाही. शिक्का चौदा म्हणतो, तर चौदा. मी दुसरं काय सांगणार?"

मला वाटलं, संपलं! मी तिथेच, दोन हातांवर, फळीवर बसलेलो, सगळं ठाऊक असलेला, आणि तोंडात शाई नाही!

मुलगी उठली. पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले. मावशीचं मन कुठे होतं कोण जाणे, पण पाय सवयीने फळीकडे वळले. तिने मला उचललं आणि अंगठ्याने चाक एक घर पुढे ढकललं.

टक.

"मावशी," मुलगी म्हणाली, "आज सव्वीस आहे ना? तुम्ही सत्तावीस लावलीत."

"हो, उद्याची. मी संध्याकाळीच ला..."

मावशीचा अंगठा चाकावरच थांबला. ती हळूच स्टुलावर बसली. मी तिच्या तळहातातच होतो.

"चप्पल," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांची चप्पल तुटली होती. मी हसले. हसले आणि चाक मागे घ्यायचं..." तिने तोंडावर पदर धरला. "अगं बाई! मीच. मीच चुकले."

नणंदेने पाण्याचा पेला आणून तिच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता शेजारी बसली.

मुलीचे डोळे लकाकले होते, पण तिने घाई केली नाही. "मावशी, तुम्ही सांगाल? कोर्टात?"

मावशीने माझ्या तुटलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तीस वर्षांची ती दगडावरची रेघ! चारचौघांत उभं राहून म्हणायचं, की मी उद्याची तारीख आजच मारली. त्या हेडक्लार्कसमोर पुन्हा उभं राहण्यासारखंच ते.

"तुझ्या बाबांच्या मागे इंजिनीअर उभा होता," ती एकदम म्हणाली. "गळतीचा अहवाल घेऊन. त्याला मी पुढचा नंबर दिला. तो अहवाल त्याने वर नेला, तो भिजला नसणार."

"अहवाल आहे! त्यांनीच लवादापुढे ठेवलाय. त्याच्यावरूनच आमचे पैसे कापले. पण माझ्याकडे झेरॉक्स आहे, तिच्यावर शिक्का कुठे नाही."

"झेरॉक्स समोरची काढली असेल. मी मागे मारते." मावशी उभी राहिली. "तुझ्या वकिलांना सांग, मूळ अहवाल आणायला लावा म्हणावं. आणि मी येते. हाही येतो." हा म्हणजे मी!

त्या रात्री मावशीने मला स्पिरिटने धुतलं. जुन्या दात घासायच्या ब्रशने माझ्या अक्षराअक्षरातली धूळ काढली. लग्नाला निघालेल्या नवरदेवालाही एवढं कुणी घासलं नसेल.

आणि कोर्ट! लाकडी बाकं, फायलींचे डोंगर, काळे कोट, डोक्यावर करकरणारा पंखा. मी मावशीच्या पर्समध्ये होतो, चेन थोडी उघडी, म्हणून सगळं दिसत होतं. शेजारी टाकीवाले, काठी गुडघ्यांमध्ये धरून. पुढे त्यांचे वकील, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारे.

खात्याचा वकील तरुण होता, बोलणं लोण्यासारखं. "मॅडम, हे कार्यालय बंद असल्याचं परिपत्रक. आणि ही पोच, त्याच तारखेची. बंद कार्यालयात शिक्का मारला कुणी? भुताने?"

लोक हसले. मावशीने पर्स घट्ट धरली, मी चेंगरलो.

न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "हे पाहा, लवादाने पुरावा पाहून निवाडा दिला आहे. तो मला पटला नाही म्हणून मी खटला पुन्हा पहिल्यापासून चालवत बसत नाही. व्याज जास्त वाटतं, एवढ्यावर मी त्याला हात लावणार नाही. पण तुम्ही फसवणूक म्हणता आहात. ती असेल तर व्याजाचा पायाच गेला. म्हणून फक्त तेवढंच पाहते."

टाकीवाल्यांचे वकील खाकरले. "मॅडम, खात्याने आज मूळ अहवाल आणला आहे. गळतीचा. त्याचं शेवटचं पान उलटून पाहावं, एवढीच विनंती."

"अहवालाचा इथे काय संबंध?" लोण्यासारखा आवाज म्हणाला.

"उलटा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

पान उलटलं. मित्रांनो, नऊ वर्षांनी मी माझाच ठसा पाहिला! शाई थोडी फिकी, पण मीच! चौदा ऑगस्ट. खाली मावशीच्या हातचं ४१३. उजव्या कोपऱ्यात ती दाण्याएवढी फट!

न्यायाधीशबाईंनी पोच शेजारी ठेवली. ४१२. तीच तारीख, तीच फट. मग अहवाल पुन्हा सरळ केला. "समोर तुमच्या इंजिनीअरची सही तेराची. मागे शिक्का चौदाचा. हा कागद तुम्हीच लवादापुढे ठेवलात आणि त्याच्या जोरावर यांची रक्कम कापून घेतलीत. यांचा शिक्का भुताने मारला असेल, तर तुमचा कुणी मारला?"

तरुण वकिलाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"आवक पाहणाऱ्या बाई आल्या आहेत ना?"

मावशी उठली. तिने पर्स छातीशी धरली, मी पुन्हा चेंगरलो. पण आवाज स्वच्छ निघाला. "आले आहे, मॅडम. शिक्का खोटा नाही. चूक माझी आहे." आणि तिने सगळं सांगितलं. हेडक्लार्क, कानाचा खडा, संध्याकाळचं चाक, तुटलेली चप्पल, हसू. "चुकायला नको म्हणून मी जे करत होते, त्यातच चुकले. बिल तेरालाच आलं होतं. यांची आठवण बरोबर आहे."

टाकीवाल्यांनी मान वर केली. मागे कुणीतरी हुंदका दिला. ती नणंद होती, आणि नंतर तिने साफ नाकारलं.

"शिक्का आणलाय?"

मी बाहेर आलो! पॅड कोर्टाच्या कारकुनाने दिलं. त्याच्या टेबलावर कोर्टाचा शिक्का होता, स्वतःचीच शाई पोटात बाळगणारा, फार ऐटीत. मावशीने चाकं फिरवून चौदा ऑगस्ट लावला, मला पॅडवर टेकवलं. पाच वर्षांनी शाई! गार, ओली, काळी! कोऱ्या कागदावर ठप्प! पंख्याच्या करकरीवरही ऐकू गेलं असेल. तिसऱ्या ठशातही फट तिथेच, तेवढीच. तेव्हाच न्यायाधीशबाईंनी मला हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हाच का तो?"

त्याच दुपारी त्यांनी निकाल सांगितला. फसवणूक नाही. व्याज लवादाने दिलं तसंच राहील. खात्याचा अर्ज फेटाळला. मग त्यांनी चष्म्यावरून तरुण वकिलाकडे पाहिलं. "खरं पाहता बिल तेराला आलं. लवादाने चौदापासून मोजलंय. म्हणजे या शिक्क्यामुळे तुमचं एक दिवसाचं व्याज वाचलंच आहे. त्याची अजून काही तक्रार?"

"नाही, नाही, मॅडम!"

अख्खं कोर्ट हसलं. टाकीवाले काठी विसरून उभे राहिले आणि मुलीच्या खांद्याला धरून म्हणाले, "ऐकलंस? तेराच! मी सांगत नव्हतो?" व्याज मिळाल्यापेक्षा त्याचाच आनंद जास्त दिसत होता. मुलगी हसत होती, रडत होती आणि फोनवर आवारातल्या गवंड्याला ओरडून सांगत होती, "साचे विकायला नाही काढायचे! घासून ठेवा, घासून!"

एक गंमत फक्त तुम्हालाच सांगतो. या सगळ्या गडबडीत कोर्टाच्या कारकुनाने आपल्या त्या ऐटबाज शिक्क्याकडे चोरून पाहिलं आणि त्याचं चाक गुपचूप एक घर मागे घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दुकानात माझ्यासारखा एखादा शिक्का असेल. त्याच्या अक्षरांतली शाई टाचणीने कोरू नका, मऊ ब्रशने काढा. पॅडचं झाकण लावत जा. त्याने खिळे तर अजिबात ठोकू नका. आणि जो दिवस आहे तोच लिहा. चुकलं तर चुकलं म्हणा. मावशी म्हणाली, म्हणून मुलीचं आवार राहिलं आणि तिच्या बाबांची आठवण त्यांना परत मिळाली.

कोर्टातून आल्या आल्या मावशीने माझ्यावर पुन्हा त्या दिवसाची तारीख लावली. संध्याकाळी घड्याळात सहा वाजले. मावशी फळीपाशी आली, मला उचललं, अंगठा चाकावर ठेवला. नणंद विणता विणता थांबून पाहत होती.

"काय ग वहिनी, विसरलीस का फिरवायला?"

"नाही," मावशी म्हणाली. तिने अंगठा उचलला आणि मला जसाच्या तसा फळीवर ठेवला. "सकाळी फिरवीन. उठल्यावर."

आता रोज रात्रभर माझ्या तोंडावर आजचीच तारीख असते. वर्ष तेवढं जुनं आहे.